सल्लागाराचा पोर्टफोलिओ की इंडेक्स फंड? आधी हिशेब मांडा

गुंतवणूक सल्लागार एकाच वेळी दोन कामं करत असतो. पहिलं काम नियोजनाचं: कशात किती पैसे ठेवायचे, कधी काढायचे, कर किती बसेल, विमा पुरेसा आहे का. दुसरं काम निवडीचं: कोणते शेअर, कोणते फंड घ्यायचे आणि कधी बदलायचे. बिल मात्र एकच येतं, तेही पोर्टफोलिओच्या (तुमच्या एकूण गुंतवणुकीच्या) टक्क्यांत. इंडेक्स फंड, म्हणजे स्वतः निवड न करता एखाद्या निर्देशांकातलीच यादी त्याच प्रमाणात घेणारा फंड, फक्त दुसऱ्या कामाला पर्याय आहे, पहिल्याला नाही. त्यामुळे "सल्लागार हवा की इंडेक्स फंड" असं थेट विचारलं की गल्लत होते. आधी निवडीच्या कामाची किंमत वेगळी काढायची, ते काम कसं झालंय ते मोजायचं आणि मगच निर्णय घ्यायचा. त्यासाठी सगळी स्टेटमेंटं, एक स्प्रेडशीट आणि दोन-तीन तास पुरतात.

एकूण खर्च किती जातो

स्टेटमेंटवर दिसते ती सल्लागाराची फी हा फक्त वरचा थर. त्याखाली प्लॅटफॉर्मचं किंवा खातं सांभाळण्याचं शुल्क असतं. त्याखाली प्रत्येक फंडाचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्याच्या वार्षिक खर्चाची टक्केवारी. तो रोजच्या एनएव्हीतूनच (फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच) वजा होत असल्यामुळे स्टेटमेंटवर त्याची वेगळी ओळ कधीच येत नाही. सगळ्यात तळाशी खरेदी-विक्रीचा खर्च: दलाली, व्यवहारावरचे कर, खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक. हा खर्च तर एक्स्पेन्स रेशोतही पुरता धरलेला नसतो. पोर्टफोलिओची वार्षिक उलाढाल १०० टक्के असेल तर वर्षभरात जवळजवळ सगळा माल बदलला गेला, असा अर्थ घ्यायचा. तो बदल फुकट होत नाही.

हिशेब असा मांडा. समजा १० लाखांचा पोर्टफोलिओ आहे. ६ लाख एका फंडात, एक्स्पेन्स रेशो १.२ टक्के, म्हणजे वर्षाला ७,२००. उरलेले ४ लाख दुसऱ्यात, ०.७ टक्के, म्हणजे २,८००. सल्लागाराची फी ०.८ टक्के, म्हणजे ८,०००. एकूण १८,०००, म्हणजे १.८ टक्के. उलाढालीचा खर्च यात अजून आलेलाच नाही.

१.८ हा आकडा किरकोळ वाटतो, कारण आपण त्याची तुलना मुद्दलाशी करतो. ती परताव्याशी करायला हवी. बाजाराने खर्चापूर्वी वर्षाला ७ टक्के दिले असं धरू. १० लाखांचे २५ वर्षांनी, काहीच खर्च नसता तर, ५४.३ लाख होतात. ०.२ टक्के खर्चाच्या इंडेक्स फंडात ५१.८ लाख. १.८ टक्के खर्चाच्या पोर्टफोलिओत ३५.५ लाख. म्हणजे जो ४४.३ लाखांचा नफा व्हायला हवा होता, त्यातले जवळजवळ १९ लाख खर्चात गेले. जोखीम मात्र शंभर टक्के तुमचीच होती.

सल्लागाराला लेखी विचारायचा प्रश्न एकच, पण शब्द नेमके हवेत: "गेल्या बारा महिन्यांत माझ्या पैशातून, थेट आणि फंडांच्या आतून, एकूण किती रक्कम खर्चापोटी गेली? आणि माझ्या गुंतवणुकीवर तुम्हाला इतर कोणाकडून काय मिळालं? उत्तर टक्क्यांत नको, रकमेत द्या." प्रश्नाचा दुसरा भाग कमिशनसाठी आहे. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीपासून नव्या गुंतवणूक सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं. सगळीकडे तसं नाही. कमिशन चालतं तिथे "आमचा सल्ला मोफत" याचा अर्थ एवढाच की पैसे दुसऱ्या खिशातून घेतले जातात.

नफ्यावर हिस्सा घेणारी फी असेल तर करारात हाय वॉटर मार्कचं कलम आहे का ते बघा. नसेल तर काय होतं? १०० चे १२० झाले, तुम्ही २० वर फी दिली. पुढच्या वर्षी घसरून पुन्हा १०० झाले. त्यानंतर परत १२० झाले की त्याच २० वर दुसऱ्यांदा फी लागते. हे कलम असेल तर १२० च्या वर गेल्याशिवाय फी लागत नाही.

स्वतःचा परतावा स्वतः मोजा

सल्लागाराच्या अहवालातला परतावा बहुतेक वेळा "टाइम वेटेड" असतो. पैसे केव्हा आले, केव्हा गेले, याचा परिणाम त्यात काढून टाकलेला असतो. व्यवस्थापकाची कामगिरी तपासायला ती पद्धत योग्यच आहे. पण तुमच्या पैशांचं काय झालं हे कळायला एक्सआयआरआर लागतो, म्हणजे प्रत्येक रक्कम कधी आली-गेली हे धरून काढलेला वार्षिक परतावा. दोन्ही आकडे काढा. एक्सआयआरआर बराच कमी आला तर ओघ बघा: बहुधा बाजार वर असताना जास्त पैसे घातले गेलेत. ते कोणाच्या सांगण्यावरून घातले, हेही जुन्या ईमेलवरून कळतं.

स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. खात्यात घातलेले पैसे उणे चिन्हाने, खात्यातून काढलेले अधिक चिन्हाने. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य, अधिक चिन्हाने. मग एक्सआयआरआर फंक्शनला आधी रकमा द्या, मग तारखा.

उत्तराऐवजी एरर आली तर कारण साधारण तीनपैकी एक असतं: सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या आहेत, तारखा मजकूर म्हणून टाइप झाल्या आहेत, किंवा मध्येच एक रिकामी ओळ आहे. त्रास खरा होतो तो एरर न येता चुकीचं उत्तर येतं तेव्हा. खात्याच्या आत एका फंडातून दुसऱ्यात गेलेली रक्कम काही लोक ओघ म्हणून लिहितात. ती लिहायची नाही, कारण पैसा खात्याबाहेर गेलेलाच नाही. बँकेत जमा झालेला लाभांश मात्र लिहायचा, कारण तो बाहेर आला. सल्लागाराची फी तुम्ही वेगळ्या खात्यातून भरत असाल तर तीही उणे चिन्हाने लिहा. आणि कालावधी वर्षाहून कमी असेल तर एक्सआयआरआरकडे दुर्लक्ष करा. तीन महिन्यांची चढण तो वर्षभराची करून दाखवतो.

सावली पोर्टफोलिओ

आलेला आकडा चांगला की वाईट, हे एकट्याने कळत नाही. त्याच तारखांना तेच पैसे इंडेक्स फंडात गेले असते तर, हा प्रश्न विचारायचा. एनएव्हीचा इतिहास फंड कंपन्या खुला ठेवतात, त्यामुळे हे काम घरबसल्या होतं.

एक छोटं उदाहरण घेऊ. पहिल्या तारखेला ५,००,००० घातले, त्या दिवशी इंडेक्स फंडाची एनएव्ही १००, युनिट ५,०००. वर्षभराने ३,००,००० घातले, एनएव्ही १२०, युनिट २,५००. पुढे १,००,००० काढले, एनएव्ही १२५. युनिट ८०० कमी. शिल्लक ६,७०० युनिट. आजची एनएव्ही १४० असेल तर सावली पोर्टफोलिओचं मूल्य ९,३८,०००. तुमचा खरा पोर्टफोलिओ त्याच दिवशी ८,९०,००० असेल, तर निवडीच्या कामाने तुमचे ४८,००० घालवले. इंडेक्स फंडाचा खर्च एनएव्हीत आधीच वजा झालेला असल्यामुळे त्याची वेगळी वजावट करायची नाही.

मात्र तुलना सारख्याची सारख्याशी हवी. पोर्टफोलिओत ६० टक्के शेअर आणि ४० टक्के रोखे असतील तर सावलीतही तेच प्रमाण ठेवा: प्रत्येक रक्कम ६०:४० मध्ये विभागायची, दोन फंडांचे युनिट वेगळे लिहायचे आणि वर्षातून एकदा प्रमाण मूळपदावर आणायचं. निम्मे रोखे असलेल्या पोर्टफोलिओची तुलना निव्वळ शेअरच्या निर्देशांकाशी केली तर तेजीत सल्लागार नालायक ठरतो आणि मंदीत जादूगार. दोन्ही निष्कर्ष खोटे.

सल्लागाराने स्वतः तुलना करून दिली असेल तर तळटीप आधी वाचा. निर्देशांक लाभांश धरलेला आहे का, म्हणजे टोटल रिटर्न आहे का? नुसत्या भावाचा निर्देशांक वापरला की दरवर्षी लाभांशाएवढी मोकळी आघाडी मिळते. दाखवलेला परतावा फी वजा करून आहे की आधीचा? तो खऱ्या खात्यांचा आहे की मागच्या तारखांवर बसवलेल्या मॉडेल पोर्टफोलिओचा? आणि सुरुवातीची तारीख कोणी निवडली? आलेखाची सुरुवात एखाद्या मोठ्या घसरणीच्या तळापासून होत असेल, तर बाकी काही वाचायची गरज नाही.

किमान पाच वर्षांचा, शक्यतो एक मोठी घसरण धरून असलेला काळ घ्या. दोन वर्षांत कोण पुढे गेलं, यावरून काहीही सिद्ध होत नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

बहुतेकांचा हिशेब एकाच बाजूला का झुकतो

यामागचं गणित अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली दोन-तीन पानांत मांडलं. बाजारातले सगळे शेअर कोणाच्या तरी हातात असतात. इंडेक्सवाल्यांचा हिस्सा बाजूला काढला तर निवड करणाऱ्यांच्या हातात उरतो तोही बाजारच, त्याच प्रमाणात. म्हणजे खर्चापूर्वी दोन्ही गटांचा सरासरी परतावा सारखा. खर्च वजा केला की जास्त खर्च करणारा गट सरासरीने मागे राहणार. व्यवस्थापक हुशार आहेत की नाहीत, याचा इथे संबंधच येत नाही. काहीजण पुढे जातातच. पुढच्या वीस वर्षांत ते कोण असतील, हे आज ओळखणं हे खरं अवघड काम.

१९७६ मध्ये जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड आणला तेव्हा १५ कोटी डॉलर जमवायचा विचार होता, जमले सव्वा कोटीहूनही कमी. लोकांना सरासरी परतावा नको होता. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी लावलेली पैज सगळ्यांना माहीत आहे: इंडेक्स फंड हेज फंडांना (मोठ्या गुंतवणूकदारांच्या, जास्त फीच्या फंडांना) मागे टाकेल. निकाल असा: एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) च्या इंडेक्स फंडाने १२५.८ टक्के दिले, समोरच्या पाच फंड-ऑफ-फंड्सपैकी (हेज फंडांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांपैकी) सगळ्यात चांगल्याने ८७.७ आणि सगळ्यात वाईटाने २.८. या पैजेचा दाखला देताना एक गोष्ट सोईस्करपणे गाळली जाते. हेज फंड पूर्णपणे शेअरमध्ये नसतात, त्यामुळे तेजीच्या दशकात ते मागे पडणं काही अंशी स्वाभाविक होतं. तरी आतल्या फंडांची फी आणि त्यावर निवडणाऱ्याची फी, हे फीचे दोन मजले त्या निकालात स्पष्ट दिसतात. सल्लागाराच्या पोर्टफोलिओची रचना नेमकी तशीच असते.

सल्लागाराकडून काय विकत घ्यायचं

नियोजनाच्या कामाला मोल आहे, आणि काही ठिकाणी ते इंडेक्सने वाचवलेल्या खर्चापेक्षा जास्त आहे. धंदा विकून एकरकमी पैसा आला, पगारातले शेअर एकाच कंपनीत साठले, दोन देशांत कर भरावा लागतो, आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहणारं कोणी घरात आहे, निवृत्तीनंतर कुठल्या खात्यातून आधी काढायचं हे ठरवायचंय: अशा वेळी जाणता माणूस लागतो. आणि घसरणीत सगळं विकून मोकळं होण्याची सवय असेल, तर फोनवर थांबवणाऱ्या माणसाला दिलेली फी वाया जात नाही. २००७ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या मार्चपर्यंत एस अँड पी ५०० सुमारे ५७ टक्के पडला. इंडेक्स फंड ती घसरण तुमच्यापर्यंत जशीच्या तशी पोचवतो, मधे कोणी नसतं.

पण ही फी टक्क्यांत देण्याचं कारण नाही. पोर्टफोलिओ ५० लाखांचा एक कोटी झाला म्हणून नियोजनाचं काम दुप्पट होत नाही. टक्केवारीची फी मात्र होते. तासावर, कामावर किंवा वर्षाला ठरावीक रक्कम घेणारा सल्लागार शोधा. सध्याच्याच सल्लागाराला विचारा: गुंतवणूक मी इंडेक्स फंडात ठेवतो, तुम्ही वर्षातून एकदा आढावा घ्या, त्याचे किती? या प्रश्नावर काही जण आनंदाने आकडा सांगतात. जे विषय बदलतात, त्यांचं उत्पन्न कुठून येतं ते कळतं.

पोर्टफोलिओत "सक्रिय" (म्हणजे शेअर निवडून घेणारे) म्हणून विकलेले फंड प्रत्यक्षात निर्देशांकाची नक्कल करत आहेत का, हेही बघा. फंडाचे पहिले वीस शेअर आणि त्यांचं प्रमाण निर्देशांकाशेजारी ठेवा. दोन-चार नावं सोडून सगळं तेच असेल तर तुम्ही सक्रिय फंडाची फी भरून इंडेक्स फंडच घेतला आहे. हा सगळ्यात वाईट सौदा, आणि तो बराच आढळतो.

इंडेक्स फंड निवडताना

फंडाआधी निर्देशांक निवडा. त्यात किती कंपन्या आहेत आणि पहिल्या दहांचं वजन किती, हे दोन आकडे पुरतात. एखाद्या क्षेत्राचा किंवा चालू लाटेवरचा "थीम" निर्देशांक नावाला पॅसिव्ह (निवड न करणारा) असतो. तो घेणं ही एक पैजच आहे. एकाच देशाचा निर्देशांकही वाटतो तितका सुरक्षित नसतो. जपानचा निक्केई १९८९ च्या डिसेंबरमध्ये ज्या शिखरावर होता, ते त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडलं.

त्याच निर्देशांकाचे अनेक फंड असतील तर फक्त एक्स्पेन्स रेशोवर जाऊ नका. ट्रॅकिंग डिफरन्स बघा, म्हणजे तीन आणि पाच वर्षांत फंड निर्देशांकाच्या वर्षाला किती मागे राहिला. एक्स्पेन्स रेशो ०.२ असून फंड ०.६ ने मागे असेल तर उरलेले ०.४ रोख शिल्लक पडून राहण्यात, ढिसाळ खरेदी-विक्रीत किंवा करात जातायत. ट्रॅकिंग एरर ही वेगळी गोष्ट: तो फरक रोज किती वरखाली होतो, एवढंच ती सांगते. दरवर्षी नेमाने अर्धा टक्का मागे राहणाऱ्या फंडाचा ट्रॅकिंग एरर अगदी छान दिसू शकतो.

ईटीएफ (शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) घ्यायचा असेल तर रोजची उलाढाल आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक बघा, आणि नेहमी लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावाची) टाका. उलाढाल तुटपुंजी असलेल्या ईटीएफमध्ये मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकली की वर्षभराच्या एक्स्पेन्स रेशोची बचत एका क्लिकमध्ये जाऊ शकते. बाजार उघडल्यानंतरची आणि बंद होण्याआधीची काही मिनिटं टाळा. दरमहा ठरावीक रक्कम घालणाऱ्यांना साधा इंडेक्स फंड जास्त सोयीचा पडतो.

बदल कसा करायचा

सगळं एका दिवसात विकू नका. पहिलं पाऊल फुकटचं आहे: नवे पैसे जुन्या पोर्टफोलिओत जाणं थांबवा आणि लाभांश पुन्हा गुंतवण्याऐवजी बँकेत घ्या. तिथून पुढे क्रम करावर ठरतो. ज्या खात्यांत विक्रीवर कर लागत नाही ती आधी, मग तोट्यातले किंवा जवळजवळ नफा नसलेले फंड, मग कमी नफा आणि जास्त खर्चाचे. भरपूर नफ्यातले आणि कमी खर्चाचे फंड शेवटी, किंवा कधीच नाही. लॉक-इन (ठरावीक काळ विकता न येणं) आणि एक्झिट लोड (लवकर काढल्यास लागणारं शुल्क) प्रत्येक खरेदीच्या तारखेनुसार वेगळा लागतो, त्यामुळे फंडाच्या नावावर नाही, युनिटच्या वयावर लक्ष ठेवा.

मोठ्या नफ्याच्या फंडासाठी भरपाईचा काळ काढा. समजा मूल्य ४० लाख, त्यात नफा १० लाख, कराचा दर १५ टक्के आणि एक्झिट लोड १ टक्का. कर १.५ लाख, लोड ४०,०००, एकूण १.९ लाख. खर्च १.८ वरून ०.२ वर आला तर वर्षाला ६४,००० वाचतात. म्हणजे सुमारे तीन वर्षांत भरपाई. प्रत्यक्षात ती लवकर होते, कारण कर कधीतरी भरायचाच होता. तो फक्त आधी भरला. पैसे दोन वर्षांतच लागणार असतील तर मात्र हा खटाटोप करू नका.

सल्लागाराला नोटीस देण्याआधी कागद गोळा करा: सुरुवातीपासूनची स्टेटमेंटं, प्रत्येक खरेदीची तारीख आणि किंमत, कराचे दाखले, करार. खातं बंद झालं की पोर्टलचं लॉगिन बंद होतं, आणि पुढे विक्री करताना खरेदीची किंमत सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. त्यानंतर लेखी नोटीस द्या, आणि तुमच्या वतीने व्यवहार करण्याचा जो अधिकार दिला होता, मुखत्यारपत्र असो की ऑनलाइन परवानगी, तो स्वतंत्रपणे रद्द करा. नुसतं "मला आता सेवा नको" म्हटल्याने तो आपोआप रद्द होत नाही. फी आगाऊ भरली असेल तर उरलेल्या काळाची परत मागा. शेअर किंवा युनिट न विकता तुमच्या नव्या खात्यात जसेच्या तसे हलवता येतात का, हेही विचारा. येत असतील तर विक्रीही नको आणि त्यावरचा करही नको. विकावंच लागलं तर पैसे जमा होतील त्याच दिवशी नवी खरेदी लावा. "बाजार जरा खाली आला की घेऊ" म्हणून थांबलेले पैसे महिनोन्‌महिने तसेच पडून राहतात.

नंतरची देखभाल

एका पानावर लिहून ठेवा: शेअर किती टक्के, रोखे किती, कोणत्या निर्देशांकात, आढावा कोणत्या महिन्यात. ६०:४० ठरलं असेल आणि शेअर ६५ च्या वर किंवा ५५ च्या खाली गेले तरच प्रमाण दुरुस्त करा, आणि तेही शक्यतो नव्या पैशांनी, म्हणजे विक्रीवरचा कर टळतो. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे इंडेक्स फंड गोळा करणं. मोठ्या कंपन्यांचा एक, सगळ्या बाजाराचा एक, गुणवत्तेचा एक, कमी चढउताराचा एक. पाच फंड होतात आणि पाचांतही वरची नावं तीच. दुसरी चूक म्हणजे गेल्या वर्षी पुढे गेलेल्या निर्देशांकात उडी मारणं. निवडीचं जे काम सल्लागाराकडून काढून घेतलं, तेच आता स्वतः करायला लागल्यासारखं ते आहे, आणि तेही कराचा भुर्दंड सोसून. नवा फंड घ्यावासा वाटला तर आधी त्याच्या पहिल्या दहा कंपन्या आपल्याकडच्या फंडाशेजारी लिहा. सात-आठ नावं जुळली तर तो पैसा जुन्याच फंडात घाला.